छातीच्या भिंतीचे जुने दुखणे : हृदय निर्दोष निघाल्यावर पुढे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांत छातीत दुखते म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच रुग्णांचा ईसीजी व्यवस्थित येतो, टूडी इकोत दोष निघत नाही, रक्ताच्या तपासण्याही ठीक असतात आणि ‘हृदय चांगले आहे, काळजी करू नका’ एवढे ऐकून ते घरी परततात. दुखणे मात्र राहतेच. मग गॅस धरला असेल म्हणून पित्ताच्या गोळ्या सुरू होतात, उसण भरली असेल म्हणून मलम चोळले जाते, दुखणे वाढले की वेदनाशामक इंजेक्शन घेतले जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून कोल्हापूर किंवा मिरज गाठून त्याच तपासण्या पुन्हा होतात. अशा रुग्णांपैकी अनेकांचे दुखणे हृदयात नसून छातीच्या भिंतीत, म्हणजे बरगड्यांच्या सांध्यांत असते. त्यावर फिजिओथेरपीचा उपयोग होऊ शकतो, हे त्यांना वेळेवर कुणी सांगत नाही. गेली अनेक वर्षे मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करीत आहे. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा दुखणे बहुधा सहा-आठ महिने जुने झालेले असते, आणि त्यापेक्षा जुनी झालेली असते ती भीती. या विषयाकडे वाचकांचे आणि आरोग्य खात्याचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

छातीचा पिंजरा बरगड्यांच्या बारा जोड्यांचा असतो. वरच्या सात जोड्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ, लवचिक हाडाच्या, पट्टीने छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेल्या असतात, आठवी ते दहावी या आपल्या वरच्या कूर्चेचा आधार घेतात आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूने मोकळ्याच असतात. बरगडी जिथे कूर्चेला मिळते आणि कूर्चा जिथे मधल्या हाडाला मिळते, त्या जागा दुखऱ्या होतात, त्या विकाराला डॉक्टर कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात. बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या आसपास, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी हे दुखते. बोटाने दाबले की रुग्ण ‘हेच, इथेच’ म्हणून सांगतो. खोकताना, शिंकताना, खोल श्वास घेताना, अंथरुणात कूस बदलताना, भरलेली घागर उचलताना कळ येते. वरून सूज दिसत नाही. एखाद्याच सांध्यावर, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीपाशी, स्पष्ट सूज आली असेल तर तो थोडा वेगळा आजार असतो. अलेक्झांडर टीट्झ या जर्मन शल्यचिकित्सकाने १९२१ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला टीट्झ सिंड्रोम म्हणतात. दोन्ही आजार जिवावर बेतणारे नाहीत. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आराम पडतो. तीन महिने उलटूनही ज्यांचे दुखणे थांबत नाही, त्यांच्याविषयी मला प्रामुख्याने लिहायचे आहे.

तत्पूर्वी एक गोष्ट अगदी निःसंदिग्धपणे सांगणे भाग आहे, कारण हे पत्र अर्धेच वाचून कुणी हृदयविकाराकडे दुर्लक्ष केले तर त्याचा दोष माझ्याकडे येईल. छातीत दुखणाऱ्या माणसाने सर्वांत आधी फिजिओथेरपिस्टकडे यायचे नसते. छातीवर दडपण, आवळल्यासारखे किंवा जड ओझे ठेवल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम फुटणे, धाप लागणे, मळमळणे, चालताना दुखणे आणि थांबले की कमी होणे, यांपैकी काहीही असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठावे. वाटेत मलम, शेक, मालीश यांत वेळ घालवू नये. मधुमेहाच्या रुग्णांत, वृद्धांत आणि स्त्रियांत हृदयविकाराची लक्षणे नेहमीच्या वर्णनाप्रमाणे दिसतीलच असे नाही. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदयाचा प्रश्नच नाही, असेही मानू नये, कारण दोन्ही दुखणी एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. हृदय तपासून निर्धोक ठरले, असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढचा विचार करायचा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाकडे मी आधी हेच कागद मागते, आणि ते नसतील तर उपचार सुरू न करता त्याला परत पाठवते. त्याबद्दल काहींनी नाराजीही दाखवली आहे.

हृदयाखेरीज आणखीही काही आजार याच जागी दुखवतात. ताप येतो, वजन उतरते, रात्री घाम येतो आणि बरगडीवर हळूहळू गाठ वाढते आहे, अशा वेळी क्षयरोगाचा विचार झालाच पाहिजे; आपल्या भागात तो अजून संपलेला नाही. चाळिशीच्या आतल्या तरुणाला पहाटे पाठ आणि छाती आखडल्यामुळे जाग येत असेल आणि चालू-फिरू लागल्यावर बरे वाटत असेल तर सांधेविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण मणक्याच्या संधिवाताची सुरुवात अशीही होते. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन-चार दिवसांत तिथे नागीण उठू शकते. फार दिवस खोकणाऱ्या वयस्कर माणसाची बरगडी खोकल्यानेही तडकते. हे सारे वगळण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि त्यांनी ते करावे, एवढीच अपेक्षा आहे.

स्त्री रुग्णांबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा विकार चाळिशीनंतरच्या स्त्रियांत अधिक आढळतो आणि आपल्याकडे त्याच तो सर्वांत जास्त लपवतात. दुखरी जागा स्तनाच्या लगत असल्याने ‘गाठ तर नसेल ना’ ही शंका मनात येते, पण ती सासूजवळ बोलता येत नाही, नवऱ्याजवळ बोलता येत नाही आणि दवाखान्यात पुरुष डॉक्टर असले तर तिथेही तोंडून निघत नाही. मग ती बाई ‘पाठ दुखते’ एवढेच सांगून गोळ्या घेऊन परत जाते. बरगडीच्या सांध्याचे दुखणे हाडाच्या कडेवर, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत असते आणि स्तन बाजूला घेऊन दाबले तरी तिथेच राहते. तरीही स्तनात गाठ लागत असेल, कातडी ओढल्यासारखी दिसत असेल किंवा स्राव येत असेल तर ती तपासणी स्वतंत्रपणे आणि लगेच करून घ्यावी. आशा कार्यकर्तींनी आपल्या भेटींत हा प्रश्न मोकळेपणाने विचारला तर पुष्कळ जणींचा जीव हलका होईल. तपासणीच्या वेळी पडदा असणे आणि सोबत एखादी स्त्री कर्मचारी असणे ही मेहेरबानी नव्हे. ती रुग्णाच्या हक्काची बाब आहे.

दुखणे महिनोन्‌महिने का रेंगाळते, याचे एक कारण साधे आहे. हात मोडला तर तो प्लास्टरमध्ये ठेवता येतो, पण बरगड्यांना विश्रांती देता येत नाही. शांत बसलेला माणूसही मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक श्वासाला हे सांधे थोडेसे हलतात. वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्याप्रमाणे पुढे-वर उचलल्या जातात. ही हालचाल नीट व्हायची तर बरगडीचे मागचे टोक, जिथे ती पाठीच्या मणक्याला दोन ठिकाणी सांधलेली असते, तेही मोकळे हवे. पाठीचा वरचा भाग वर्षानुवर्षे वाकून आखडला की मागचे सांधे कमी हलू लागतात आणि त्यांच्या वाटणीची हालचाल समोरच्या नाजूक कूर्चेच्या सांध्यांना करावी लागते, असे या क्षेत्रातील अनेक फिजिओथेरपिस्टांचे मत आहे. हे मत सर्वमान्य सिद्धांत झालेले नाही. परंतु छातीत दुखणाऱ्या रुग्णाच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये, हात ठेवला की तो भाग पुष्कळदा दगडासारखा घट्ट लागतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. केवळ पुढे मलम चोळून भागत नाही, असे मला वाटते ते त्यामुळेच.

त्यात भर पडते भीतीची. दुखू नये म्हणून रुग्ण वरवरचा, उथळ श्वास घेऊ लागतो, खांदे पुढे ओढून बसतो, हात उचलायचे टाळतो. छातीचे स्नायू आखूड होतात, पाठ आणखी आखडते, आणि पुन्हा कळ आली की आता झटकाच आला या विचाराने श्वास आणखी वेगाने चालू लागतो. हे दुखणे मनाचे खेळ नव्हेत. पण मनातल्या भीतीने ते वाढते, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ या एका वाक्याने ती भीती जात नाही. काय झाले आहे, ते समजावून सांगितले तर जाते.

आपल्या भागातील कामधंद्यांकडे पाहिले तर हे सांधे दुखावण्याला कारणे पुष्कळ आहेत. निपाणीत आणि आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, मान खाली, खांदे पुढे, कोपर अंगाला चिकटवून दिवस दिवस बसतात. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत विणकाम करणारे हात सतत पुढे ताणून काम करतात. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांत फाउंड्रीचे जड साचे अंगापासून दूर धरून उचलले जातात. खानापूरच्या पश्चिमेकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात, भाताच्या रोपलावणीला बायका दिवसभर कमरेत वाकलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत लागलेला खोकला तीन-तीन आठवडे हटत नाही. चुलीच्या धुराने येणारा खोकला तर बारमाही. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढताना छातीवर येणारा ताण ज्याने घेतला आहे त्यालाच ठाऊक.

शेतकऱ्यांच्या बाबतीत मी एका वस्तूकडे विशेष लक्ष देते, आणि ती म्हणजे पाठीवरचा हाताचा फवारणी पंप. भरलेला सोळा लिटरचा पंप पाठीवर, त्याचे पट्टे दोन्ही खांद्यांना मागे खेचताहेत, एका हातात नळी आणि दुसऱ्या हाताने दांडा सतत खाली-वर. एका बाजूचा खांदा आणि त्याच बाजूच्या बरगड्या तासन्‌तास एकाच लयीत ओढल्या जातात. फवारणीच्या हंगामानंतर येणारा शेतकरी ‘डावीकडे छातीत चमकते’ म्हणतो, आणि त्याने पंप मारून दाखवला की डाव्या हाताने दांडा कसा ओढतो ते दिसते. हात आलटून-पालटून वापरणे, पंप निम्माच भरणे, पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे घट्ट करणे आणि परवडत असेल तर बॅटरीवरचा पंप घेणे, एवढ्या बदलानेही दुखणे पुष्कळ उतरते. हे औषधाच्या चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

आता प्रत्यक्ष उपचाराविषयी. फिजिओथेरपिस्टने पहिल्या भेटीत छातीपेक्षा जास्त वेळ पाठ, मान आणि खांदे तपासण्यात घालवावा, रुग्ण श्वास कसा घेतो ते पाहावे, कोणत्या हालचालीने तीच ओळखीची कळ येते ते शोधावे आणि तो दिवसभर काय काम करतो ते विचारावे. त्यानंतर रुग्णाला पालथे झोपवून मणका आणि बरगडी यांच्या सांध्यांवर तळहाताच्या कडेने हळूहळू, लयीत दाब देऊन ते मोकळे करण्याचा उपचार केला जातो. हा दाब रुग्णाला सोसवेल इतकाच असतो. कटकट आवाज आलाच पाहिजे असे काही नसते. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर स्त्रियांना, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांना जोराचा दाब देऊ नये. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन छातीचे हाड तारेने बांधलेले असेल तर शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय यांपैकी काहीच करू नये. समोरच्या दुखऱ्या जागेवर मात्र मी अगदी सौम्य हात ठेवते. ती जागा आधीच चिडलेली असते, तिला आणखी रगडून फायदा नाही.

घरी करायचे व्यायाम हा या उपचाराचा खरा गाभा आहे, आणि ते फार थोडे आहेत. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून नाकाने असा श्वास घ्यावा की पोटावरचा हात वर यावा आणि छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. ओठ किंचित आवळून तो सावकाश सोडावा. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे हे केल्याने वरच्या बरगड्यांवरचा भार हलका होतो आणि धास्तीही ओसरते. काही दिवसांनी टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती फऱ्यांच्या मध्ये आडवी येईल अशी जमिनीवर ठेवावी, तिच्यावर पाठ टेकून मिनिटभर सैल पडावे, मग गुंडाळी दोन बोटे वर सरकवून पुन्हा तसेच करावे. गुंडाळी आरंभी पातळ असावी आणि मानेखाली उशी असावी. दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून एक पाऊल पुढे टाकले की छातीचे स्नायू ताणले जातात; तो ताण वीस-तीस सेकंद धरावा, तीन वेळा करावा, आणि समोर टोचल्यासारखी कळ आली तर कोपर खांद्याच्या खाली उतरवून पाहावे. खुर्चीत बसून हात छातीवर घडी घालून डावी-उजवीकडे वळणे आणि दोन्ही फऱ्या मागे एकमेकींकडे ओढून पाच मोजेपर्यंत धरणे, हे दोन व्यायाम कामाच्या जागीही करता येतात. रोज मोकळ्या हवेत चालावे, आणि चालताना हात सैल हलू द्यावेत.

किती दुखले तर थांबायचे, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. शून्य म्हणजे मुळीच न दुखणे आणि दहा म्हणजे असह्य, असे धरले तर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवे. तसे आले नाही तर व्यायाम सोडायचा नाही, निम्मा करायचा. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या सुरुवातीच्या काळात घेण्यात काही गैर नाही; दुखणे थोडे कमी झाले तरच श्वासाचे व्यायाम नीट जमतात. पण पोटाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. एखाद्याच सांध्याचे दुखणे हट्टी असेल तर डॉक्टर तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचा विचार करतात. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा.

निपाणीकडच्या एका बिडी कामगार भगिनीचे उदाहरण, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते. दोनदा हृदयाच्या तपासण्या झालेल्या, पिशवीभर गोळ्या आणि रात्री कुशीवर झोपता येत नाही ही तक्रार. तिला घरी सूप कशी धरते ते करून दाखवायला सांगितले, तेव्हा सूप मांडीवर इतके खाली होते की बिडीच्या पानावर नजर ठेवायला तिला हनुवटी छातीला टेकवावी लागत होती. आम्ही सुपाखाली पाट ठेवला, पाठीमागे भिंत आणि कमरेशी घडी घातलेले पोते दिले, आणि बिड्यांचा एक कट्टा, म्हणजे जुडगा, बांधून झाला की उठून हात वर करून चार श्वास घ्यायचे असे ठरवले. जोडीला पाठीचे सांधे मोकळे करण्याचा उपचार आणि वर सांगितलेले व्यायाम होते. दुखणे एका रात्रीत गेले नाही. आधी झोप सुधारली, मग खोकताना छाती धरणे बंद झाले, आणि काही आठवड्यांनी ती म्हणाली, ‘बाई, आता दुखलं तरी भ्या वाटत न्हाई.’ तिचे काम तिला सोडावे लागले नाही. तिच्या घरच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती.

या उपचाराला शास्त्रीय पुरावा किती, असे कुणी विचारले तर उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आठ रुग्णांच्या एका नोंदमालेत पाठीच्या आणि बरगड्यांच्या सांध्यांवरील हस्तोपचार व व्यायाम यांनी, थोड्याच भेटींत, चांगला आराम पडल्याचे आढळले. परंतु आठ रुग्ण म्हणजे फार लहान संख्या आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. मोठ्या, काटेकोर अभ्यासांची उणीव आहे. म्हणून शंभर टक्के हमी देणाऱ्या फलकांवर विश्वास ठेवू नये. मात्र योग्य रुग्णात, योग्य तपासणीनंतर या उपचाराचा धोका अत्यल्प असतो, खर्च थोडा असतो आणि रुग्ण स्वतःच्या हाताने पुढे तो चालू ठेवू शकतो. वर्षभर गोळ्या खाण्यापेक्षा हा मार्ग आधी चोखाळावा, असे मी म्हणते ते एवढ्याच आधारावर.

आमच्या व्यवसायातील एका प्रथेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. रुग्णाला खाटेवर झोपवायचे, वीस मिनिटे करंट लावायचा, थोडा शेक द्यायचा आणि उद्या परत या म्हणून पाठवायचे, असे दहा-दहा दिवस चालते आणि त्यालाच फिजिओथेरपी समजले जाते. यंत्रांनी तात्पुरता आराम पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रुग्णाच्या पाठीला हात न लावता आणि त्याला एकही व्यायाम न शिकवता केलेल्या या उपचाराने जुने दुखणे हलत नाही. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी तर अशी विद्युत यंत्रे लावण्यापूर्वी ते आवर्जून सांगितलेच पाहिजे. त्याचप्रमाणे छातीवर पाय देऊन किंवा मागून कवळ घालून बरगडी ‘बसवून’ देणाऱ्यांकडे जाऊ नये. बरगडी जागची हललेली नसतेच, आणि अशा झटक्याने ती मोडल्याची उदाहरणे पाहण्यात आहेत. उपचार करणाऱ्याकडे बीपीटी (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) ही पदवी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. फिजिओथेरपीसह या क्षेत्रातील व्यवसायांच्या नियमनासाठी केंद्राने २०२१ साली स्वतंत्र कायदाही केला आहे.

आता राहिला तो हा उपचार गावापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न. बेळगाव शहरात जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, फिजिओथेरपीचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. निपाणीपासून बेळगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर; कोल्हापूर त्याहून जवळ. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या बसने राज्यात फिरण्यास तिकीट लागत नाही, आणि ही खरोखरच मोठी सोय झाली आहे, पण आठवड्यातून दोनदा बेळगावला येण्यात बुडणारी दिवसाची मजुरी कोण भरून देणार? ज्या उपचाराचा मोठा भाग घरीच करायचा असतो, त्याच्यासाठी रुग्णाने इतके फिरावे लागू नये. तालुका रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर असेल तिथे ते भरलेले असावे आणि नसेल तिथे आठवड्यातून निदान एका ठरलेल्या वारी, बाजाराच्या दिवशी धरल्यास अधिक उत्तम, जिल्ह्याच्या ठिकाणाहून फिजिओथेरपिस्ट पाठवावा. शहरातील महाविद्यालयांनी आपल्या अंतिम वर्षाच्या आणि इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांच्या देखरेखीखाली, खानापूर आणि निपाणीच्या रुग्णालयांत नियमित पाठवले तर रुग्णांची सोय होईल आणि त्या विद्यार्थ्यांना बिडीचे सूप व फवारणीचा पंप यांचे परिणामही जवळून पाहता येतील. फिजिशियन व हृदयरोगतज्ज्ञांना विनंती अशी की, हृदय निर्दोष निघाल्यावर रुग्णाच्या बरगड्यांचे सांधे एकदा दाबून पाहावेत आणि तिथे दुखत असेल तर चिठ्ठीवर तसे लिहून द्यावे. त्या एका ओळीने रुग्णाच्या पुढच्या कितीतरी फेऱ्या वाचतात.

आणखी एक मागणी भाषेशी निगडित आहे, आणि ती कुठल्याही वादात न शिरता, केवळ रुग्णाच्या सोयीसाठी करीत आहे. व्यायामाचा कागद रुग्णाला वाचता आला नाही तर तो घडी घालून कपाटात जातो. सीमाभागातील पुष्कळ वयस्कर स्त्री-पुरुषांना कन्नड बोललेले थोडेफार समजते, पण वाचता येत नाही. इंग्रजीतील छापील कागद तर त्यांच्या काहीच कामाचे नाहीत. त्यामुळे या दुखण्याची माहिती, धोक्याची लक्षणे आणि घरी करायचे व्यायाम चित्रांसह कन्नडमध्ये आणि मराठीत, एकाच कागदाच्या दोन बाजूंना, छापून तालुका रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवावेत. जिल्हा आरोग्य विभागाने किंवा एखाद्या महाविद्यालयाने हे काम अंगावर घेतल्यास मराठी बाजूचा मजकूर लिहून देण्यास आणि चित्रांतील आसने तपासून देण्यास मी विनामोबदला तयार आहे. माझे नाव, पत्ता आणि दूरध्वनी आपल्या कार्यालयात नोंदवून ठेवला आहे; इच्छुकांनी आपल्यामार्फत संपर्क साधावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, शहापूर, बेळगाव